देऊळ फिरले, गाव कधी फिरणार?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्याची भूमी हादरली. रिश्टर मापकावर ४.५ अशी नोंद झालेला हा धक्का कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरच्या परिसरातून उठला आणि हिंगोलीसह नांदेड व परभणी जिल्ह्यांतही जाणवला. पाठोपाठ अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसला. वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्याला भूगर्भातून येणारे गूढ आवाज नवे नाहीत; पांगरा शिंदे या गावाने तर त्या आवाजांची वर्षानुवर्षे सवय करून घेतली आहे. तरीही ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाड्याच्या हाडीमाशी अशी भिनलेली आहे की, भांडे वाजले तरी माणूस दचकून उठतो. त्या सकाळी लोक अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर आले, मिळेल त्या मोकळ्या जागेत उभे राहिले. शेजारी उभा असलेला माणूस कोणत्या आळीतला, याची चौकशी भूकंपात कोणी करीत नाही.

तीन दिवसांनी होळी पेटली आणि समाज पुन्हा आपापल्या आळीत गेला.

त्या वर्षीचे पुढचे दिवस दिनदर्शिका उघडून पाहण्यासारखे आहेत. ९ एप्रिलला गुढीपाडवा. ११ एप्रिलला महात्मा फुले यांची जयंती. त्याच दिवशी मुसलमान बांधवांची रमजान ईद. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. १७ एप्रिलला रामनवमी, २१ एप्रिलला महावीर जयंती, २३ एप्रिलला हनुमान जयंती. आणि २६ एप्रिलला हिंगोली लोकसभा मतदारसंघाचे मतदान! अठरा दिवसांत एवढे सारे. रस्ते तेच, चौक तेच, ढोल-ताशांची पथकेही बहुधा तीच. बदलत होती ती फलकांवरील छायाचित्रे, आणि त्या छायाचित्रांबरोबर मिरवणुकीत चालणारी माणसे. फुल्यांच्या जयंतीला एक समाज, बाबासाहेबांच्या जयंतीला दुसरा, महावीरांच्या पालखीमागे तिसरा. रामनवमीला म्हणे सकल हिंदू समाज. या ‘सकल’ शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यात विचारायचा, याला कारण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेबारा लाख वस्तीचा हा लहानसा जिल्हा महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत क्वचितच दिसतो. दिसला तर टँकरच्या निमित्ताने, नाहीतर हळदीच्या भावाच्या निमित्ताने. पण संपूर्ण भारतात हिंदू समाजाच्या आत्मपरीक्षणाला ज्या भूमीने सर्वांत बोलके रूपक दिले, ती हीच भूमी आहे. नरसी नामदेव याच जिल्ह्यातले. औंढा नागनाथ याच जिल्ह्यातले. आणि या दोन गावांमधली कथा लहान मुलालाही ठाऊक असते.

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या गेलेल्या नागनाथाच्या देवळासमोर नामदेवांचे कीर्तन रंगले होते. शिंप्याच्या पोराने महाद्वारी उभे राहून गावे, हे पुजाऱ्यांना रुचले नाही. मागे जाऊन गा, असे त्यांना फर्मावण्यात आले. नामदेव वाद न घालता मागे गेले आणि गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाचे मुख नामदेवांकडे झाले, असे परंपरा सांगते. शीख पंथाच्या श्रीगुरुग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे आहेत, त्यांतही हा प्रसंग येतो. पंजाबातील घुमान येथे, जेथे २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेथील शेतकऱ्यालाही देऊळ फिरल्याची ही कथा सांगावी लागत नाही.

हिंगोलीकरांना ती अभिमानाने सांगता येते. अडचण एवढीच की, ती सांगताना सांगणारा सदैव स्वतःला नामदेवांच्या बाजूला उभा करतो. कीर्तनकार कथा सांगतात, श्रोते डोळे पुसतात, आणि ‘मागे जा’ म्हणणारा माणूस कोणी परकाच होता, अशी सर्वांची खात्री असते. तो परका नव्हता. तो नित्यनेमाने स्नानसंध्या करणारा, देवळाची व्यवस्था पाहणारा, धर्माची काळजी वाहणारा सज्जन गृहस्थ होता. आज तो असता तर उत्सव समितीचा कार्याध्यक्ष असता.

याच औंढ्यात नामदेवांना गुरू भेटले, तीही कथा या संदर्भात आठवण्याजोगी आहे. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी संतमंडळीच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. रुसलेले नामदेव विसोबा खेचरांकडे आले, तर विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले. पाय काढा म्हणताच विसोबांनी सांगितले, जेथे देव नसेल तेथे उचलून ठेव. परीक्षा घेणारा कुंभार, नापास झालेला शिंपी, आणि गुरू तो, ज्याने परंपरेनुसार पूर्वायुष्यात ज्ञानदेवादी भावंडांचा छळ केला होता! हिंदू समाजाच्या इतिहासात असा वर्ग क्वचितच भरला असेल. मात्र त्या वर्गातला धडा पाठ करणे निराळे आणि गिरवणे निराळे.

नामदेवांनी तो गिरवला. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा दगावले, तेव्हा त्या ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेचायला नामदेव गेले. जिच्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटेल ती अस्थी चोखोबांची, अशी खूण त्यांनी धरली, असे सांगतात. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. हे १३३८ साली घडले, असे परंपरा मानते. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकता आले नाही, त्याच्या अस्थींना नामदेवांनी दारापर्यंत आणून पोहोचवले. त्या दारातून आत जाण्याचे अंतर हिंदू समाजाने चालून दाखवायचे होते. त्या काही पावलांना सहाशे वर्षे लागली. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहाव्या दिवशी विठ्ठलाचे दार हरिजनांसाठी उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. तोवर देशाचे स्वातंत्र्य उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. परकीय सत्ता घालविण्यापेक्षा देवळाचे दार उघडणे कठीण, असा हा हिशोब आहे, आणि तो मांडताना दोष देण्यास कोणी औरंगजेब सापडत नाही.

येथे पुरोगामी म्हणविणारी मंडळी आनंदाने माना डोलावतील, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. दर चैत्रात मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रीय स्तंभांतून एक ठराविक सूर निघतो. हिंदू समाज नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. आहेत त्या फक्त जाती. रामनवमीची मिरवणूक हे त्यावरचे पांघरूण आहे. हा सूर लावणाऱ्यांना नामदेवांचे काय करायचे, हे मात्र कधी सुचलेले नाही. शिंप्याच्या मुलाला देवळामागे पाठविणारा समाज आणि देऊळ फिरल्याची कथा सहाशे-सातशे वर्षे पिढ्यानुपिढ्या गाणारा समाज, हे दोन समाज नव्हेत. तो एकच समाज आहे. स्वतःच्या पापाची कथा स्वतःच्याच देवळात टाळ-मृदंगाच्या गजरात गाण्याची रीत ज्या समाजात आहे, त्याला सुधारणेची शक्ती बाहेरून उसनी आणावी लागत नाही. या मंडळींचा दुसरा दोष असा की, त्यांना दलित वस्ती आठवते ती लेखापुरती. मे महिन्यात त्या वस्तीतल्या हंड्यांच्या रांगेत त्यांच्यापैकी कोणी उभा राहिलेला दिसत नाही.

परंतु विरोधकांचे ढोंग दाखविल्याने घरातली अडगळ निघत नाही. या अंकाचे वाचक ज्या घरांत राहतात, ज्या शाखांत, मंडळांत, समित्यांत काम करतात, तेथील स्थिती कशी आहे, हा खरा मुद्दा होय.

हिंगोली जिल्ह्यात दर सहा-सात माणसांमागे एक माणूस अनुसूचित जातीचा आहे. गेल्या काही वर्षांत रामनवमीच्या मिरवणुका ठिकठिकाणी मोठ्या झाल्या, याबद्दल आनंद मानलाच पाहिजे; तरुणांच्या हाती भगवा ध्वज दिसतो, मुली पथकांत वादन करतात. पण प्रत्येक गावच्या समितीने आपल्या कार्यकारिणीची यादी काढून आडनावे वाचून पाहावीत. वर्गणीची पुस्तके काढून कोणत्या आळ्यांत पावत्या फाडल्या गेल्या, ते तपासावे. मिरवणुकीचा मार्ग नकाशावर आखून तो कोणत्या वस्तीच्या तोंडाशी येऊन वळतो, ते पाहावे. मार्ग पोलिसांनी ठरवून दिला, परंपरेचाच आहे, तिकडचा रस्ता अरुंद आहे, ही उत्तरे तयार असतील. रस्ता अरुंद असतो हेही खरे. तथापि निवडणुकीत उमेदवाराची उघडी जीप त्याच रस्त्याने व्यवस्थित जाते.

या बाबतीत एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि तो अगदीच निराधार नाही, म्हणून त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. “आम्ही बोलावतो, तेच येत नाहीत,” असे अनेक प्रामाणिक कार्यकर्ते सांगतात. खरे आहे, पुष्कळदा येत नाहीत. का येत नाहीत, याचे उत्तर रामनवमीच्याच इतिहासात आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे रामाच्या दर्शनासाठी दारात बसून होती. हे लोक देऊळ पाडायला आले नव्हते. रामाचे मुख पाहायला आले होते. रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिलला रथ निघायचा होता. स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली. अस्पृश्य तरुणांचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळविण्यात आला. दगडफेक झाली. रामाचा रथ रामभक्तांपासून पळविला गेला! सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालला, दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याचा आपला निर्धार जाहीर केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी तो पुरा केला.

ज्यांच्या आजोबांच्या हातून दोर हिसकावला गेला, ते नातू एका छापील निमंत्रणपत्रिकेने धावत यावेत, ही अपेक्षा भाबडी आहे. त्यातील अनेक कुटुंबे आता बौद्ध आहेत. त्यांची श्रद्धा हा त्यांच्या स्वातंत्र्याचा भाग असून त्यांना पुन्हा कोणत्या रांगेत उभे करण्यासाठी निमंत्रण द्यायचे नसते. उलट त्यांच्या दारी पाहुणा म्हणून जायचे असते. १४ एप्रिलला सकाळी पुतळ्याला हार घालून छायाचित्र काढून परतणे, हे जाणे नव्हे. मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. उन्हाने तापलेल्या रस्त्यावर पाण्याची पाणपोई लावून तेथे रात्री अकरापर्यंत उभे राहणारे स्वयंसेवक किती आहेत? वस्तीतल्या घरात बसून चहा घेणारे किती? आणि त्या घरातील मुलाला परीक्षेच्या दिवसांत गणित शिकवायला वर्षभर जाणारे किती?

मराठवाड्याच्या माणसाला तर आणखी एक जखम विसरता येणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. ज्या महापुरुषाने १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारून या मागास प्रदेशाला उच्च शिक्षणाची वाट दाखविली, त्याचे नाव विद्यापीठाला देण्यात वाईट ते काय होते? पण वस्त्या पेटल्या. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. गावोगावी घरे जळाली, माणसे मारली गेली, पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिलेल्यांनी रात्रीत शेजार मोडला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या जाळपोळीत कोणी परधर्मीय आक्रमक नव्हता. जळणारे आणि जाळणारे एकाच गावच्या रहाटातले होते. ज्यांनी ते पाहिले ते आज साठी-सत्तरीचे आहेत. त्यांच्या घरात ती रात्र अजून सांगितली जाते. इतर आळ्यांत मात्र तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

‘जुन्या खपल्या कशाला काढता, एकीला बाधा येते,’ अशी कुजबुज यावर होईल. या कुजबुजीला उत्तर पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेने कधीच दिलेले आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या या मालेत ८ मे १९७४ रोजी सरसंघचालक बाळासाहेब देवरस बोलले. विषय होता सामाजिक समता आणि हिंदू संघटन. अस्पृश्यता चूक नसेल तर जगात दुसरे काहीच चूक म्हणता येणार नाही, अशा आशयाचे त्यांचे सांगणे होते. वसंत ऋतूत, पुण्यासारख्या शहरात, सवर्ण मध्यमवर्गीय श्रोत्यांसमोर हे सांगितले गेले. एकीला बाधा कशाने येते, हे संघटनेच्या सर्वोच्च पदावरील माणसाला तरी कळत होते असे मानावयास हरकत नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी पंचांगानेच एक योग जुळवून आणला. १४ एप्रिल १९८३ रोजी वर्षप्रतिपदा होती. डॉ. हेडगेवार यांचा जन्म वर्षप्रतिपदेचा, बाबासाहेबांचा १४ एप्रिलचा. तिथी आणि तारीख एकत्र आली आणि त्याच दिवशी पुण्यात सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. दत्तोपंत ठेंगडी यांचे त्या वेळी भाषण झाले. तेव्हापासून समरसता हा शब्द इतका उच्चारला गेला आहे की, त्याची धार बोथट होऊ लागली आहे. व्यासपीठावरील फलकावर तो शब्द असतो, सूत्रसंचालकाच्या तोंडी असतो, आभारप्रदर्शनातही असतो. एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान ही घोषणा तर तोंडपाठ झाली. पहिल्यावर टाळ्या मिळतात. दुसऱ्या-तिसऱ्याची चर्चा शक्यतो होत नाही.

पाणवठ्याचीच गोष्ट घ्यावी. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव संमत झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे झाले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तोही चैत्राच्या तोंडाशीच. आता नळ आले, हापसे आले, टँकर आले; तळ्यावर कोणी कोणाला अडवीत नाही, हे मान्य. पण एप्रिल-मे महिन्यांत कयाधूचे पात्र कोरडे पडते आणि टँकर गावात शिरतो, तेव्हा तो आधी कोणत्या चौकात थांबतो आणि शेवटी कोणत्या टोकाला पोहोचतो? टोकाला पोहोचेपर्यंत टाकीत किती पाणी उरते? कोणी कोणाला शिवत नाही म्हणत नाही. फक्त पाणी संपलेले असते. स्मशानाचेही तसेच. मराठवाड्यातील किती तरी गावांत समाजानुसार स्मशानभूमी वेगळी, आणि कोणाच्या वाट्याला नाल्याकाठची उघडी जागा. पावसाळ्यात तेथे चिता पेटवायची तर वर पत्र्याची ओढ लागते. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पत्रे कोणी घालायचे, ते तिथे लिहिलेले नाही.

चैत्रातली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती थेट वाचकांच्या दिवाणखान्यातली आहे. गुढीपाडव्यानंतर तृतीयेला चैत्रगौर बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत हळदीकुंकवाचा घरोघर उत्सव चालतो. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी, आरास. मध्यमवर्गीय घरांतील हा सोहळा मोठा रम्य असतो. आता हळदीची गोष्ट पाहावी. हिंगोली आणि वसमत हे हळदीचे देशभर नाव झालेले पट्टे. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नेमक्या याच दिवसांत, शिमग्यापासून चैत्रापर्यंत, शिवारात हळद निघते. कंद उकरायचे, मोडायचे, माती झाडायची, कढईत किंवा वाफेवर शिजवायचे, उन्हात पसरायचे, वाळल्यावर ढोलात घालून घासायचे, आणि मग पोती बाजार समितीच्या आवारात. या कामात शेकडो बाया उन्हातान्हात राबतात. त्यांची नखे, तळवे, लुगड्याचे काठ पिवळेधमक होतात आणि कितीही धुतले तरी तो रंग उतरत नाही. मग त्याच हळदीची बोटभर रेघ कपाळाला लावण्याच्या कार्यक्रमाला त्यांच्यापैकी कितीजणींना बोलावणे जाते? ज्या बाईचे अवघे हात हळदीने माखलेले, तिला हळदीकुंकवाचे बोलावणे नाही.

हे बोलावणे धाडणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत, १९२४ ते १९३७ या काळात, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सर्वजातीय हळदीकुंकू घडवून आणले होते. सनातन्यांच्या त्या बालेकिल्ल्यात स्त्रिया आधी बिचकल्या, मग आल्या. सहभोजने झाली, १९३१ साली पतितपावन मंदिर झाले. सावरकरांच्या तसबिरी ज्यांच्या भिंतीवर आहेत, त्यांना शंभर वर्षांनंतरही तेवढे जमू नये? (विधवांना या समारंभातून वगळण्याच्या रूढीचा समाचार हा स्वतंत्र लेखाचा विषय. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याचा आदर्श म्हणून प्रसार केला. ठराव करायला हेरवाड पुढे झाले, नामदेवांचा जिल्हा नव्हे, एवढी नोंद पुरे.)

हिंगोलीला एकत्र येता येत नाही, असेही नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ या शहराचा दसरा महोत्सव चालू आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, रावणदहनाला पंचक्रोशी लोटते, आणि त्या गर्दीत कोण कोणत्या वस्तीतला हे कोणी विचारीत नाही. महाशिवरात्रीला औंढ्याला लाखोंची रीघ लागते आणि पुढे नागनाथाचा रथ निघतो, तेव्हा दर्शनबारीत पुढचा-मागचा कोण, हे बारीच ठरवते. नरसीला परतवारीसाठी दिंड्या येतात, शीख यात्रेकरूही येतात. जत्रेत हे जमते. जत्रा उठली की जमेनासे होते. कारण जत्रा एका दिवसाची असते, आणि गाव वर्षाचे असते.

म्हणून रामनवमीच्या समित्यांकडून यंदा मागणी आहे ती मोठ्या आवाजाची, उंच ध्वजाची किंवा भव्य आराशीची नव्हे. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारण्यासाठी जो पैसा जातो, त्यातून एका वस्तीच्या स्मशानात पत्र्याची शेड उभी राहते, हा हिशोब कोणत्याही गावच्या गवंड्याला तोंडी करता येईल. रथाला दोर लागतो. दोराला हात लागतात. समितीने रथाचा पहिला दोर कोणाच्या हाती द्यायचा, हे आधी ठरवावे आणि त्या घरी पत्रिका टपालाने न पाठविता अध्यक्षाने स्वतः जावे. दार उघडले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जावे. १९३० साली पाच वर्षे दारात बसणारे ते होते. आता काही वर्षे दारात उभे राहण्याची पाळी दुसऱ्या बाजूची आहे. आणि त्या घरातून ‘आम्ही रथाला येणार नाही, तुम्ही मात्र चौदा तारखेला या’ असे उत्तर आले, तर चौदा तारखेला जावे.

एका उत्साही तरुणाने यावर विचारले असते की, यात हिंदुत्व कोठे आहे? हा प्रश्न विसोबांना विचारला असता, तर त्यांनी पाय जेथे होते तेथून हलविले नसते.

रंगपंचमीचा रंग अंगावरून उतरण्यापूर्वीच ठिकठिकाणी उत्सव समित्यांच्या बैठका लागतात. सतरंज्या पसरल्या जातात, मागील वर्षीचा जमाखर्च वाचला जातो, पावती पुस्तके वाटली जातात. पहिले पुस्तक कोणत्या वस्तीकडे जाते आणि ते घेऊन कोण जातो, हे त्या सतरंजीवर बसलेल्यांना ठरवायचे आहे. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आणि चोखोबांची समाधी समोरासमोर आहेत.